घोडीच्या चंदीत पावडर मिसळण्याआधी

प्रश्न (शहादा तालुक्यातील शेतकरी): सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून पाच वर्षांची घोडी आणली. फासळ्या दिसतात, खुरांना चिरा आहेत. सकाळी एकदाच दीड किलो हरभरा, गव्हाचा कोंडा आणि पाव किलो गूळ देतो. वैरण फक्त हिरवं नेपियर गवत, रोज पंधरा किलो. दुकानदार खनिज मिश्रण, लिव्हर टॉनिक आणि अश्वगंधा पावडर सुचवतो. घरी कोंबडीखाद्य आहे, तेही मिसळू का?

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो घोडीच्या जिवाचा आहे. कोंबडीखाद्य तिला मूठभरही घालू नका. कोंबड्यांची रक्ती हगवण रोखायला त्यात मोनेन्सिनसारखं औषध असू शकतं. कोंबडीला ते मानवतं, घोड्याचं हृदय मात्र निकामी करतं. वजनाच्या दर किलोला दोन-तीन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात आणि त्यावर उतारा नाही. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलं ते गेलं. गाईच्या काही खाद्यांतही हे औषध असतं, म्हणून घोडीचं घमेलंसुद्धा वेगळं ठेवा. खत म्हणून आणलेली एरंडी पेंडही तिच्या तोंडाला लागू देऊ नका.

आता फासळ्यांकडे. आधी टेप घ्या. कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, एवढं किलो वजन. घेर 160 आणि लांबी 150 भरली तर घोडी साधारण 323 किलोची. तिला रोज पाच ते साडेसहा किलो कोरडी वैरण लागते. नेपियरमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच, म्हणजे तुमच्या पंधरा किलोंत तीन किलोच कोरडा चारा येतो. घोडी उपाशीच आहे हो! उपाशी पोटावर टॉनिक काय करणार?

शिवाय नेपियरमधला ऑक्झलेट नावाचा क्षार कॅल्शियम अडवून ठेवतो आणि कोंड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो. दोन्ही मिळून हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं आणि कालांतराने तोंडाची हाडं सुजतात. कोंडा बंद करा, नेपियर निम्म्यावर आणा. त्याऐवजी वाळलेलं मारवेल गवत आणि थोडी सुकवलेली लसूणघास (ल्यूसर्न) द्या. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. गूळ थांबवा, जास्त गोडाने खुरं आतून सुजून पाय धरतात. हरभरा भिजवून दोन-तीन वेळांत विभागून द्या. हे सगळे बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करा. खायचं मीठ रोज वीसेक ग्रॅम, आणि पाणी सतत समोर.

खनिज मिश्रण घ्यायचं तर घोड्यांसाठीच बनवलेलं, आणि एका वेळी एकच. दोन डब्यांत सेलेनियम हे खनिज असेल तर मात्रा दुप्पट होते, आणि सेलेनियम जास्त झालं की आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरं तडकतात. म्हणजे ज्या चिरांसाठी पावडर आणली, त्याच वाढतात.

वनस्पतींचं म्हणाल तर, झाडपाल्याचं आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज मला फार काळजीचा वाटतो. लसूण रोज भरपूर दिला तर घोड्याच्या तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होतं. अश्वगंधेबद्दल माझा पहिला प्रश्न असा की घोडी गाभण आहे का? बाजारातून आणलेल्या घोडीचं सांगता येत नाही, अकरा महिने पोटात पोर असतं. गाभण घोडीला अश्वगंधा सुरक्षित धरता येत नाही, म्हणून तपासणी होईपर्यंत ती पावडर उघडू नका. लिव्हर टॉनिकने अंगावर मांस चढत नाही, ते पैसे वैरणीला घाला.

खुरांसाठी आधी नालबंद बोलवा. बायोटिन या जीवनसत्त्वाचा उपयोग होतो, पण खूर महिन्याला सेंटिमीटरभरही जेमतेम वाढतं, त्यामुळे सहा ते नऊ महिने धीर धरावा लागेल.

उद्या सकाळी गव्हाणीखाली बघा. अर्धवट चावलेल्या वैरणीचे बोळे पडलेले असतील तर दातांची टोकं कानशीने घासून घ्यावी लागतील. ताजी लीद काडीने उकला. अख्खा हरभरा दिसला तरी दातांचाच संशय. त्यातलीच थोडी लीद स्वच्छ पिशवीत घेऊन दवाखान्यात या, जंतांसाठी तपासू. येताना दुकानदाराने दिलेले डबेही आणा.