डार्क चॉकलेट : पोटात किती, रक्तात किती?

प्रश्न : हृदयासाठी चांगलं म्हणून मी रोज ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट खाते. त्यातली अँटिऑक्सिडंट्स खरंच रक्तात पोहोचतात का?
– निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली

बाई, पोहोचतात, पण थोडी, आणि रूप पालटून. कोकोमधली ही अँटिऑक्सिडंट्स म्हणजे मुख्यतः फ्लॅव्हॅनॉल. त्यांपैकी एपिकॅटेचिन या प्रकाराचा रेणू लहान, म्हणून तो लहान आतड्यातून आत शिरतो. आतड्याच्या पेशी आणि यकृत त्याला सल्फेट वगैरे रासायनिक गट जोडतात. सुमारे दोन तासांत रक्तातलं प्रमाण सर्वाधिक होतं, मग ते लघवीवाटे जाऊ लागतं. मोठे रेणू, म्हणजे प्रोसायनिडिन, बहुतांशी तसेच मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जंतू त्यांचे तुकडे करतात आणि ते तुकडे काही तासांनी रक्तात येतात. प्रत्येकाच्या पोटातले जंतू वेगळे, म्हणून एकाच वडीचा लाभही सारखा नाही. या जंतूंना तंतुमय अन्न लागतं. तेव्हा चॉकलेटच्या आधी ताटातली ज्वारीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी सांभाळा, हे मी आग्रहाने सांगेन.

७० टक्के हा आकडा फ्लॅव्हॅनॉलचा नव्हे. तो एकूण कोकोचा, त्यात कोकोचं लोणीही आलं. कोकोचा कडवटपणा कमी करायला केलेल्या अल्कली प्रक्रियेत तर फ्लॅव्हॅनॉल बरीच नष्ट होतात. २०२२ मध्ये निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या कॉसमॉस चाचणीत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. कोको अर्काच्या गोळीतून रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल देऊनही हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना एकूणात लक्षणीय घटल्या नाहीत. हृदयविकार-पक्षाघाताचे मृत्यू मात्र कमी दिसले. तीही गोळी होती, साखर-चरबीची वडी नव्हे. मधुमेह असेल तर रोजची वडी नकोच.

प्रश्न : सोबत दूध प्यायलं तर सगळं वाया जातं का?
– गृहिणी, इस्लामपूर

नाही. अभ्यासांचे निकाल वेगवेगळे आहेत, पण परिणाम झालाच तर मोठा नसतो. केळ्याचं मात्र लक्षात ठेवा. केळ्यातलं एक एन्झाइम फ्लॅव्हॅनॉल मोडतं, म्हणून कोकोच्या शेकमध्ये केळं घालू नका.

प्रश्न : मुलीचं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाची गोळी चालू आहे. जेवणानंतर चॉकलेट दिलं तर चालेल?
– पालक, मिरज

जेवणाला लागून नको. कोकोतली हीच फ्लॅव्हॅनॉलसारखी द्रव्यं पालेभाज्या-डाळींतल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात, चहाचंही तेच. जेवण किंवा गोळी आणि चॉकलेट यांत दोन तासांचं अंतर ठेवा. जेवताना वरणावर लिंबू पिळा. त्यातल्या सी जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं.

प्रश्न : आमच्या बागेतली द्राक्षं चॉकलेटची जागा घेतील का?
– द्राक्षबागायतदार, तासगाव

काळी द्राक्षं सालीसकट खा, सालीत अँथोसायनिन ही गडद रंग देणारी अँटिऑक्सिडंट्स असतात. प्रोसायनिडिन मुख्यतः बियांत, त्यामुळे सोनाका या बिनबियांच्या जातीत ती कमीच. बेदाण्यात साखर एकवटलेली असते, तेव्हा मूठभर पुरे.