मुलगी इम्प्लांट मागते आहे, काय करू?

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. भाजल्याचे व्रण, अपघाताच्या जखमा, दुभंगलेले ओठ घेऊन येणाऱ्यांमध्ये आईचा हात धरून आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली दिसू लागतात. या खेपेची बरीचशी पत्रंही स्तनांच्या आकाराबद्दलची आणि इम्प्लांटबद्दलची आहेत, म्हणजे आकार वाढवण्यासाठी स्तनात बसवायच्या सिलिकॉन जेलच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या पिशवीबद्दलची. ओळख पटेल असा तपशील काढून, सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे.

मुलगी १६ वर्षांची, अकरावीत आहे. छाती सपाट म्हणून वर्गात चिडवतात. मोबाईलवर बघून बघून इम्प्लांटचा हट्ट धरलाय. तिचे वडील तारवटी, पुढच्या महिन्यात जहाजावरून उतरतील. 'तिला हवं तर करूया, पैशांचं बघतो मी' असं फोनवर म्हणाले. करावं का? (एक आई, बार्देश)

नको. इतकं तुटक उत्तर मी सहसा देत नाही, पण इथे मला दुसरं देता येत नाही.

मुलींच्या स्तनांची वाढ ८ ते १३ या वयात कधीतरी सुरू होते. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते आणि पाळी आल्यावरही वाढ काही वर्षं चालू राहते. जिची पाळी १४-१५ व्या वर्षी आली, ती १६ व्या वर्षी अजून अर्ध्या वाटेवर असते. तिचं शरीर शेवटी कसं होणार हे आज मलाही सांगता येणार नाही. (पाळी अजून आलीच नसेल, तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. त्याला थांबू नका.) अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, १९९२ साली सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले होते. २००६ साली ती पुन्हा खुली केली, तेव्हा निव्वळ आकार वाढवण्यासाठी किमान वय २२ ठेवलं. मिठाचं पाणी भरलेल्या इम्प्लांटसाठी ते १८ आहे. तुमची मुलगी यातल्या कुठल्याच अटीत बसत नाही.

दुसरी गोष्ट जाहिरातीत सांगत नाहीत. इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही. आकार वाढवण्यासाठी ते बसवून घेतलेल्या पाचांपैकी एकीपर्यंत बायकांना ८ ते १० वर्षांच्या आत ते काढावं लागतं, असं एफडीएनेच सांगितलं आहे. इम्प्लांटभोवती शरीर स्वतःचं एक आवरण तयार करतं. कधीकधी ते आवळत जातं, स्तन दगडासारखा होतो आणि दुखतो. जेलचं इम्प्लांट फुटलं तर बाहेरून कळतही नाही, म्हणून ५-६ वर्षांनी आणि पुढे दर २-३ वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बघावं लागतं. या आवरणात एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग, होऊ शकतो. तो दुर्मीळ आहे, पण खरा आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी त्याचा संबंध दिसल्यामुळे २०१९ साली एका मोठ्या कंपनीला तशी इम्प्लांट जगभरातून परत घ्यावी लागली. १६ व्या वर्षी बसवायचं म्हणजे तिशी-पस्तिशीत, कदाचित अंगावर पिणारं मूल असताना, पुन्हा टेबलावर जायची तयारी आजच ठेवायची. तो खर्च तेव्हा वडील करणार आहेत का, तेही विचारा.

वडिलांबद्दल एक बोलते. महिनोन्महिने समुद्रावर काढणाऱ्या बापाला लेकीला 'नाही' म्हणणं फार जड जातं. हे मी गोव्यात पुन्हा पुन्हा बघते आणि मला त्यांच्याविषयी राग नाही. ते आले की तिघंही मिळून एखाद्या डॉक्टरांकडे जा. 'नाही' आईच्या तोंडून गेलं की ती आईवर रुसते. कारणांसकट डॉक्टरकडून ऐकलं तर पुष्कळदा ऐकते.

चिडवण्याचं काय? ते शाळेचं काम आहे, शाळेत जाऊन बोला. वर्गातल्या पोरांच्या तोंडासाठी तिने भूल घ्यायची, हे मला मान्यच होत नाही. मात्र ती तासन्‌तास आरशासमोर उभी राहत असेल, शाळा बुडवत असेल, फोटो काढूच देत नसेल, तर आधी बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत दाखवा. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं. स्वतःच्या शरीरातला एखादा दोष मनात इतका मोठा होऊन बसतो की दुसरं काही सुचत नाही, असा एक आजार आहे आणि तो बहुधा याच वयात सुरू होतो. अशा मुलीवर शस्त्रक्रिया केली की असमाधान छातीवरून नाकावर जातं, नाकावरून हनुवटीवर.

वय १७. माझी छाती खूप जड आहे. खांदे, मान दुखते, ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे पडलेत, पावसाळ्यात खालची कातडी सोलवटते. चवथीला सगळ्या फुगडी घालतात, मी रांदचे कुडीत (स्वयंपाकघरात) बसून राहते. आई म्हणते लग्न झालं, मूल झालं की ठीक होईल. होईल का? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

नाही गो बाय, मूल झाल्याने हे कमी होत नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना स्तन आणखी जड होतात. आईवर चिडू नकोस, तिलाही कोणी कधी सांगितलं नसेल.

वरच्या पत्रातल्या मुलीला मी थांब म्हटलं, तुला तेच सांगून परत पाठवणार नाही. आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला लोक 'कॉस्मेटिक' म्हणून एकाच टोपलीत टाकतात, त्याने तुझ्यासारख्या मुलींचं फार नुकसान होतं. खांद्यात रुतणारे पट्टे, पाठदुखी, आपल्या दमट हवेत घडीखाली होणारं बुरशीचं इन्फेक्शन, खेळ सोडून देणं ही सगळी वैद्यकीय कारणं आहेत. इथे कातडीखाली परकं काही बसवायचं नसतं. जास्तीची ग्रंथी, चरबी आणि त्वचा काढायची आणि स्तनाग्र वर आणायचं.

तरी काही गोष्टी आधी बघाव्या लागतात. आकार गेलं वर्षभर, निदान सहा महिने तरी, तेवढाच आहे का? वाढ चालू असताना घाई केली तर स्तन पुन्हा वाढतात आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. वजन जास्त असेल तर ते आधी स्थिर करायचं. पण 'आधी बारीक हो, मग ये' असं म्हणून कोणी वाटेला लावत असेल तर ऐकू नकोस. काही मुलींमध्ये वजन नीट असूनही स्तन काही महिन्यांतच अफाट वाढतात. तो वेगळा आजार आहे, त्याला लवकर दाखवावं लागतं.

तोटेही सांगते. स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि घडीत असे व्रण राहतात. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर ते काही वर्षं गडद दिसतात, काहींचे जाड होतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे दूध येईल का, हे कोणत्या पद्धतीने शस्त्रक्रिया केली त्यावर अवलंबून असतं. दुधाच्या नळ्या शक्य तितक्या राखतात, बऱ्याच जणी नंतर पाजतात, काहींना वरचं दूध द्यावं लागतं. लग्नाच्या बोलण्यात व्रणांचं काय सांगायचं, हे आईच्या मनात असणार. तो प्रश्न तिला मोकळेपणी विचारू दे.

तू १८ ची होईपर्यंत आईवडिलांची सही लागेल. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, ओपीडीत दाखव. तोवर मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा घे. आपल्याकडच्या बहुतेक मुली चुकीच्या मापाची घालतात आणि दुकानात विचारायला लाजतात. घडीतली त्वचा कोरडी ठेव. खासगी रुग्णालयात करणार असाल तर ही शस्त्रक्रिया वैद्यकीय गरजेची आहे असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. विमा कंपन्या सौंदर्यासाठीचा खर्च नाकारतात, पण गरजेचा आहे असं प्रमाणित असेल तर दावा करता येतो.

स्तन वाढवणारं तेल, क्रीम, गोळ्या लागू पडतात का? (अनेक)

नाही. चोळल्याने ग्रंथी वाढत नाहीत. स्त्रीच्या स्तनांच्या आकारावर इलाज असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. तरी ती तुमच्या फोनवर येते. गोळ्यांमध्ये हार्मोन असू शकतात, त्या तर घेऊच नका.

मुलगी १५ ची. एक बाजू लहान, एक मोठी. (डिचोली)

थोडा फरक जवळजवळ प्रत्येकीत असतो आणि या वयात तो बऱ्याचदा भरून निघतो. फरक ठळक असेल, किंवा एका बाजूला छातीचा स्नायूच नसल्यासारखं वाटत असेल, तर तपासून घ्या. जन्मजात दोष दुरुस्त करणं हे निव्वळ सौंदर्याचं काम नव्हे. मोठ्या बाजूला गाठ लागत असेल तर सोनोग्राफी करा. या वयातल्या बहुतेक गाठी साध्या असतात.

मुलगा १४ वर्षांचा, छाती मुलींसारखी दिसते. समुद्रावर नेलं तरी शर्ट काढत नाही. ऑपरेशन करून टाकावं का? (एक वडील, पेडणे)

तुम्ही हे विचारलंत याचं मला बरं वाटलं. मुलगे हे वर्षानुवर्षं लपवतात. वयात येताना निम्म्याहून अधिक मुलांना थोडंफार असं होतं. १३-१४ ला सर्वांत जास्त दिसतं आणि बहुतेकांत दोनेक वर्षांत आपोआप ओसरतं. त्याला तेवढा वेळ द्या. ढिला शर्ट घालू दे, हसू नका, पाहुण्यांसमोर विषय काढू नका. वृषण फार लहान असतील किंवा त्यात गाठ असेल, स्तनाग्रातून स्राव येत असेल, किंवा एकाच बाजूला कडक गाठ असेल, तर मात्र लगेच दाखवा. थोड्या मोठ्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारते: जिममध्ये कोणी इंजेक्शन किंवा पावडर देतं का? स्टिरॉइडने छाती वाढते. दोन वर्षांनंतरही राहिलं आणि त्याला त्रास होत असेल, तर लहान शस्त्रक्रियेने ते काढता येतं.

मी १९ ची. आता घरच्यांची सही लागत नाही. एका क्लिनिकने इम्प्लांटचं पॅकेज सांगितलं आहे, या आठवड्यात पैसे भरले तर सूट. (मडगाव)

सही लागत नाही हे खरं. सिलिकॉन जेलसाठी एफडीएने किमान वय २२ ठेवलं ते वर लिहिलं आहे, ते तुझ्यासाठीही आहे. तुझ्या जागी मी थांबले असते. पण निर्णय तुझा आहे, म्हणून नीट घे. सवलतीची मुदत घालून शस्त्रक्रिया विकणाऱ्याकडे जाऊ नकोस. करणाऱ्या डॉक्टरची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी बघ. भूल देणारे डॉक्टर कोण, रात्री रक्तस्राव झाला तर कुठल्या रुग्णालयात नेणार, हे विचार. सिगारेट ओढत असशील तर सांग, जखम भरत नाही. इम्प्लांटचं नाव, माप आणि अनुक्रमांक असलेलं कार्ड मागून घे आणि जन्मभर जपून ठेव. आणि पॅकेजमध्ये पुढच्या तपासण्या आणि इम्प्लांट काढण्याचा खर्च धरला आहे का, हे पैसे भरायच्या आधी कागदावर लिहून घे.