घाबरायला आवडतं, म्हणजे मी वेडी का?

"मॅडम, मला भीती वाटायला आवडतं. माझ्यात काही विकृती आहे का?"

जळगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. कॉलेजची मुलं हसत हसत विचारतात, आया मुलांच्या वतीने विचारतात आणि काही बायका दार नीट लागलंय ना हे बघून विचारतात. त्यातल्या एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या भुसावळच्या. वय अडतीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा रेल्वेत लोको पायलट, मालगाडीवर. त्यामुळे ड्युटीचा कॉल कधीही येणार. मुलगा झोपला की कानात इअरफोन, पांघरूण नाकापर्यंत आणि मोबाइलवर भुताचा सिनेमा.

"दिवसा वर्गात सांगते, भूतबित काही नसतं. आणि रात्री हे! सासूबाईंना कळलं तर म्हणतील, हिच्या अंगात काहीतरी शिरलं." मग शाळेची भाषा सुटली आणि घरची आली. "ताई, मी येडी त नाही ना?"

मी विचारलं, "ठेचा खाता?"

"रोज."

"डोळ्यांतून पाणी येतं?"

"येतंच की."

"मग थांबता?"

"थांबायचं काय त्यात? भाकरीवर अजून घेतो." आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी माणसाला मिरची का आवडते याचा बरीच वर्षं अभ्यास केला. जीभ आग लागल्याची बोंब मारते, पण मनाला पक्कं ठाऊक असतं की काही जळत नाहीये. शरीर फसलं, आपण नाही फसलो, या जाणिवेतच मजा असते. 2013 सालच्या एका लेखात त्यांनी ठसक्याच्या मिरचीशेजारी रडवणारी गाणी आणि भीतीचे खेळही बसवले. सारंगखेड्याच्या यात्रेत आकाशपाळण्यात किंचाळणारी बाई खाली उतरल्यावर खळखळून हसते, तेही असंच. छाती धडधडत असते, अंगात अ‍ॅड्रेनालिन उसळलेलं असतं. धोका नव्हताच हे कळलं तरी तो जोर लगेच ओसरत नाही, सुटकेच्या आनंदात मिसळतो आणि तो आनंद दुप्पट वाटतो.

आणि 'विकृती' हा शब्द कोणी दिला, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मीच." माझी घडण अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विचारांवर झाली आहे. एखादी सवय चांगली की वाईट हे जरूर तपासावं, पण तिच्यावरून स्वतःच्या कपाळावर शिक्का मारू नये, हे मी प्रत्येकाला सांगते. त्यांनाही सांगितलं. पटलं त्यांना. पण खांदे तसेच आवळलेले.

तेव्हा मी ठरवलं, 'का' विचारायचं नाही. 'का' विचारलं की माणूस स्वतःची वकिली करू लागतो. 'कधी' विचारलं की त्याला स्वतःलाच दिसू लागतं. म्हटलं, "घरच्या कॅलेंडरवर, सिनेमा बघाल त्या तारखेला एक टिंब करा. बाकी काही नको."

महिन्याने त्या ते पान फाडूनच घेऊन आल्या. दुधाचा हिशोब, सिलिंडरची तारीख आणि नवरा रात्री ड्युटीवर असेल त्या दिवशी पेन्सिलने 'बाहेर'. ते त्या आधीपासूनच लिहीत होत्या. निळी टिंबं अकरा. मी पान त्यांच्याकडे फिरवलं आणि गप्प बसले.

त्यांचं बोट एकेका तारखेवर फिरत गेलं. अकराही टिंबं 'बाहेर'च्या चौकटीत होती. नवरा घरी असताना एकही नाही.

"हे मला कधी दिसलंच नाही," त्या म्हणाल्या. मग हळूहळू आलं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या इंजिनाखाली एक माणूस आला होता. "घरी येऊन आंघोळ केली, जेवले नाहीत. दोन दिवस बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेव्हापासून ते गेले की पोटात गोळा येतो. इंजिनात मोबाइल बंद. सकाळपर्यंत काही कळत नाही."

"आणि सिनेमा बघताना?"

पंखा कितीतरी वेळ फिरत राहिला.

"तो दोन तासांत संपतो, ताई."

ज्या भीतीचं दुसरं टोक दिसत नाही, ती घेऊन पडून राहण्यापेक्षा जिचं टोक दिसतं, जी अंगठ्याने थांबवता येते, अशी भीती त्यांनी निवडली होती. शेवट असलेल्या भीतीवर त्या रात्रभराच्या भीतीचा सराव करत होत्या. ज्याला त्या विकृती समजत होत्या, ती त्यांच्या मनाने शोधलेली वाट होती. ते पान मी आजही जपून ठेवलंय, त्यांच्या परवानगीने.

म्हणून असा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी सांगते: आधी घाबरू नका, आधी पाहा. डेन्मार्कमधल्या, 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भीतिघरात शिरलेल्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा सगळ्यात जास्त मजा मध्यम घाबरलेल्यांना आली होती. फार कमी किंवा फार जास्त घाबरलेल्यांना नव्हे. तुमचं 'मध्यम' तुम्हालाच शोधावं लागेल. झोप उडत असेल, दर वेळी आणखी तीव्र काही हवंसं वाटत असेल, किंवा सिनेमा सोडून खऱ्या अपघातांच्या क्लिपा बघितल्या जात असतील, तर मात्र कुणाशी तरी बोला. आणि लहान मुलांना हे मुळीच दाखवू नका. खरं-खोटं वेगळं करणारी नजर त्यांची अजून पक्की झालेली नसते. त्यांच्यासाठी शरीरही फसतं आणि मनही.

भुसावळच्या बाईंना मी सिनेमे बंद करायला सांगितलं नाही. त्या अपघाताबद्दल नवऱ्याला विचारायला सांगितलं. विचारायला त्यांना तीन आठवडे लागले. तो बोलला, रडलाही. आता ड्युटी संपली की घरी निघण्याआधी 'उतरलो' एवढा एक शब्द पाठवतो.

शेवटच्या भेटीत त्यांनी सांगितलं, नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून एक भुताचा सिनेमा पाहिला. रात्र-रात्र काळोखात गाडी हाकणारा माणूस, पण अर्ध्यातच पाय वर घेऊन बसला आणि म्हणाला, "लाइट लाव ना."

त्यांनी उठून लाइट लावला.