गोठ्यातली खोली

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता फ्लॉरेन्सला जाणार आहोत. शहरातील हॉटेलाऐवजी वेशीबाहेरच्या एखाद्या जुन्या, दुरुस्त केलेल्या शेतघरात उतरावे, असा मुलीचा आग्रह आहे. ही घरे खरोखर जुनी असतात का, आणि पासष्टी ओलांडलेल्यांना तिथे राहणे सोयीचे होईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : घरे जुनी असतात, पण ती रिकामी का पडली हे ठाऊक असले म्हणजे त्यांत काय पाहायचे ते कळते. फ्लॉरेन्स ज्या प्रांतात येते त्या टस्कनीत शतकानुशतके जमीन ‘मेत्साद्रिया’ पद्धतीने, म्हणजे बरीचशी आपल्या बटाईसारखी, कसली जाई : जमीन व घर मालकाचे, राबणे कुळाचे आणि पीक निम्मे-निम्मे. कुळाच्या या घराला ‘काझा कोलोनिका’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबे कारखान्यांकडे वळली, १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद केले आणि टेकड्यांवरची कित्येक घरे ओस पडली. आज त्यांतल्या अनेकांत पाहुणे उतरतात. ‘आग्रितुरिझ्मो’ (शेत-पर्यटन) म्हणवणारे घर मात्र शेती करणाऱ्यानेच चालवावे लागते; ही अट १९८५ च्या कायद्यापासून आहे, आणि नुसत्या जुन्या वास्तूतल्या हॉटेलाला ती लागू नाही.

खरेपण जोखायचे तर तळमजला पाहावा. खाली गुरे आणि वर माणसे, अशी या घरांची रचना असे. गुरांची ऊब माडीला मिळे. आता तिथे न्याहारीची टेबले मांडलेली असतात, पण भिंतीलगत विटांची गव्हाण किंवा दावे बांधायची लोखंडी कडी राहू दिली असेल, तर दुरुस्ती करणाऱ्याला जाण आहे असे समजावे. छताकडेही नजर टाकावी : चेस्टनटच्या जाड तुळया, त्यांवर आडवे वासे आणि वाशांवर टेकवलेल्या चपट्या भाजक्या विटा. दगडी भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, कारण सिमेंटखाली ओल कोंडते आणि पायथ्याशी पोपडे धरतात. (आपल्याकडच्या वाड्यांचीही हीच व्यथा आहे.)

सोयीचे म्हणाल, तर माडीवर जाणारा दगडी जिना बहुधा बाहेरूनच असतो, पायऱ्या झिजलेल्या असतात आणि लिफ्ट क्वचितच भेटते. फ्लॉरेन्समध्ये घरे तापवण्याची मुभा एरवी १ नोव्हेंबरपासून असते, त्यामुळे ऑक्टोबरच्या रात्रींसाठी जादा पांघरूण आधीच मागून ठेवावे. भाड्याची मोटार घेतलीत तरी ती जुन्या शहरात नेऊ नये. तिथे परवान्याशिवाय शिरणारी वाहने कॅमेरे टिपतात आणि दंडाची नोटीस मागाहून घरी येते. शहरालगतच्या टेकडीवरील फिएसोले गावाच्या बाजूला उतरलात, तर ७ क्रमांकाची बस आहे. रात्रीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र आधी विचारून घ्यावी. आणि आरक्षण करताना माडीचा मोह टाळून तळमजल्यावरची, म्हणजे पूर्वीच्या गोठ्यातलीच, खोली मागावी.