मे महिन्यातच ठेव

प्रिय बाळा,

तुझा निरोप पोचला. काकांचं वर्ष मे महिन्यात भरतंय, पण तेव्हा अर्धी चाळ कोकणात असते, म्हणून त्यांच्या नावाचं रक्तदान शिबिर २६ जानेवारीलाच उरकू, असं तुझं म्हणणं. त्या दिवशी माणसंही असतात आणि पाहुणाही मिळतो. तरी मी म्हणेन, मे महिन्यातच ठेव.

आपली चाळ गावी जाते तशीच कॉलेजं बंद होतात, ऑफिसांतली माणसं सुट्टीवर जातात आणि मुंबईतल्या रक्तपेढ्यांत खडखडाट सुरू होतो. जानेवारीतलं रक्त मेपर्यंत टिकत नाही. तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस राहतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. तेव्हा जानेवारीतल्या दोनशे बाटल्यांपेक्षा मेमधल्या तीस मला जास्त वाटतात. आणि तो आकडाही आपण ठरवायचा नाही. रक्तपेढीला महिनाभर आधी फोन कर, किती लागतील ते विचार, तेवढंच घे.

पटांगणात मांडव नको, त्या उकाड्यात माणसं चक्कर येऊन पडतील. शाळेचा हॉल माग, सकाळी आठला सुरू कर, बाराच्या आत आवर. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. बाकीचं त्यांचे डॉक्टर बघतात. उपाशीपोटी येऊ नका, हे निरोपात ठळक लिही. सकाळची वेळ म्हटली की आपली माणसं साखर तपासायला निघाल्यासारखी काही न खाता येतात! भेटवस्तू, डबे, घड्याळं काही नको. फ्लेक्सही नको. ज्या माणसाने लग्नातला एक फोटो सोडला तर दुसरा काढू दिला नाही, त्याला नाक्यावर दहा फुटांचा टांगू नकोस.

भाषणाचं विचारलंस. ती चूक मी करून बसलोय. शोकसभेत वीस मिनिटं बोललो. मनमिळाऊ, परोपकारी, सदा हसतमुख. नंतर चहा देताना वहिनी म्हणाल्या, "भावोजी, हसतमुख कोण? हे?" मान खाली घालून चहा प्यालो. तू तीनच मिनिटं बोल, आणि डोळ्यांनी पाहिलेलं बोल. नळावर हंडा पुढे सरकवला म्हणून तुझ्या आजीशी त्याने घातलेला वाद सांग, आणि संध्याकाळी तोच हंडा भरून तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवला तेही सांग. वाद गाळलास तर हंड्याला काही अर्थ राहत नाही.

आता काकांची एक गोष्ट तुला ठाऊक नाही ती लिहितो. एकेरीत लिहितोय, माझा तो मित्रच होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यात आम्ही दोघं. तो साच्यावर, म्हणजे मागावर होता. पहिले काही महिने जोशात गेले, मग वाण्याची उधारी, मग बायकांचे दागिने. पुढच्या पावसाळ्यात माझी थोरली तापाने फणफणली आणि घरात औषधापुरतेही पैसे नव्हते. संध्याकाळी तो आला, तिच्या उशीखाली काही नोटा सरकवल्या आणि एक शब्द न बोलता पाणी भरायला गेला. मी मागोमाग गेलो. पूर्ण बाहीचा सदरा, मनगटाशी बटण लावलेलं. एरवी घरी बनियनवर असणारा माणूस. हंडा उचलताना बटण तुटलं, बाही वर सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

तेव्हा रक्ताचे पैसे मिळत. ती पद्धत १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

पुढे त्याला वॉचमनची नोकरी लागली आणि दर चार महिन्यांनी तो रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन येऊ लागला, फुकट. गट बी पॉझिटिव्ह, म्हणजे काही दुर्मीळ नाही. पासष्टी गाठेपर्यंत एक पाळी चुकवली नाही. एकदा मी न राहवून म्हणालो, पुरे की आता. तर म्हणाला, "गहाण टाकलं होतं, सोडवतोय."

हे तुझ्यापाशीच ठेव. भाषणात घ्यायचं की नाही, ते मी वहिनींना विचारेन. त्यांना तरी ठाऊक आहे की नाही, देव जाणे.

माझं वय उलटून गेलंय, मला आता कुणी टेबलावर आडवं करणार नाही. बिस्किटं आणि सरबताकडे मला बसव. माझी थोरली त्या दिवशी ठाण्याहून येतेय. तिला यातलं काहीच माहीत नाही. यादीत तिचं नाव पहिलं लिही.

तुझा,
आबा