ठरावीक किमतीचे इटालियन जेवण: बडोद्यातील नवख्यांसाठी

अलकापुरीतल्या किंवा जुन्या पादरा रस्त्यावरच्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये ऋतूनुसार ठरावीक किमतीचा सेट मेनू लागला की, त्यातले जे पदार्थ तुम्ही एरवीही मागवले असते, तेवढ्यांचेच सुटे दर आधी जोडून पाहावेत; गार्लिक ब्रेड आणि सरबत घालून फुगवलेला मेनू स्वस्त पडतोच असे नाही. किमतीत ५ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक असून, २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ते बिलात परस्पर लावता येत नाही.

पर्यायांत रिसोटो (मऊ, सरसरीत इटालियन भात) असेल तर तोच घ्यावा, असे माझे मत आहे. त्याचा तांदूळ गरम स्टॉक (भाज्या किंवा मांस उकळून काढलेले पाणी) थोडा थोडा घालत सुमारे १८ ते २० मिनिटे शिजवावा लागतो, त्यामुळे तो पाच मिनिटांत समोर आला, तर बहुधा आधीच शिजवून ठेवलेला असतो. चांगला रिसोटो ताटलीत हलकेच पसरतो, भाताच्या मुदीसारखा उभा राहत नाही. शाकाहारी मंडळींनी चीजची चौकशी अवश्य करावी, कारण अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे विकर, वापरलेले असते. (जोडीला वाइन हा विचार गुजरातेत अर्थातच सोडावा.) शनिवार-रविवारी असे मेनू बरेचदा बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा.