माझे 104 टक्के कसे झाले?

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. दर महिन्याला एचएमआयएसचा, म्हणजे सरकारच्या आरोग्य माहिती प्रणालीचा, अहवाल भरण्यात माझे दोन दिवस जातात. परवाच्या सभेत माझं लसीकरण 104 टक्के निघालं म्हणून सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. हिवाळ्यात ते 71 टक्के होतं, तेव्हाही खाल्ली होती. हे आकडे वर जाऊन कुणाच्या कामी तरी येतात का?

उत्तर : ताई, 104 टक्के बघून हसणाऱ्यांत एकेकाळी मीही होतो. सांख्यिकी विभागात नवा होतो तेव्हा असला आकडा दिसला की मी सरळ 98 करून वर पाठवायचो. साहेब खूश, मी मोकळा. त्याची लाज वाटायला बरीच वर्षं गेली.

तुमच्या कामात चूक नाही, भागाकारात आहे. अंश येतो तुमच्या टॅली शीटवरून, म्हणजे सत्रात टोचलेल्या पोरांच्या नोंदीवरून; ती खरीखुरी पोरं. छेद येतो अंदाजातून, 2011च्या जनगणनेत दरवर्षी थोडी वाढ धरून काढलेल्या ‘अपेक्षित बालकां’मधून. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते आणि बाळाचे पहिले डोस तिथंच होतात, हे त्या अंदाजाला काय ठाऊक? दसरा झाला की अर्धा तांडा कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातो आणि पाडव्याच्या आगेमागे परततो, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग हिवाळ्यात 71 आणि उन्हाळ्यात 104 येणार नाही तर काय!

तेव्हा असल्या अंदाजी छेदाची गरजच पडणार नाही असा हिशोब धरा. पेंटाचा, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लशीचा, पहिला डोस दीड महिन्याला, तिसरा साडेतीन महिन्यांना. पहिला घेतलेल्यांपैकी तिसऱ्याला किती आली? गळती दहा टक्क्यांच्या वर गेली की कुठंतरी अडतंय. पण टक्क्यावर थांबू नका, नावं काढा. एका उपकेंद्राच्या ओट्यावर आम्ही अशीच नोंदवही उघडून बसलो होतो. वीसपैकी सहा गळाली होती आणि त्या सहातली पाच एकाच तांड्यावरची. मी रस्त्याबद्दल, गैरसमजुतींबद्दल काहीतरी बोलू लागलो. तिथल्या आशा कार्यकर्तीनं मधेच तोडलं, “सर, बाजार बुधवारी अन् सुई पण बुधवारीच. बाईनं मिरच्या आणायच्या का पोराला ताप आणायचा?” सत्र शुक्रवारी नेलं. त्याला ना निधी लागला ना वरून आदेश. पुढच्या खेपेला त्या तांड्यावरचं एकच पोर राहिलं, तेही आईबापाबरोबर फडावर गेलेलं.

आता वर कुणाच्या कामी येतात ते. खरं सांगायचं तर पुष्कळदा कुणाच्याच नाही. पण आले तर काय होतं, याचं मला पटलेलं उदाहरण टांझानियातलं आहे. मोरोगोरो आणि रुफिजी या दोन ग्रामीण जिल्ह्यांत 1990च्या दशकात कॅनडाच्या मदतीनं एक प्रयोग झाला. तिथं बहुतेक माणसं घरीच मरत, दवाखान्याच्या रजिस्टरात येतच नसत. म्हणून प्रयोगातली माणसं घरोघर फिरली. कुणी वारलं का, त्याआधी काय होत होतं, एवढंच विचारत. मग कोणत्या आजारानं आयुष्याची किती वर्षं नेली आणि त्याच्यावर पैसा किती जातो, हे शेजारी शेजारी मांडलं. मोरोगोरोत अकाली मरणानं वाया गेलेल्या आयुष्याच्या वर्षांपैकी 30 टक्के मलेरियानं नेलेली, आणि 1996च्या आरोग्य बजेटात त्याचा वाटा 5 टक्के! क्षयानं नेलेली वर्षं 4 टक्क्यांहून कमी, त्याला मात्र 22 टक्के पैसा. हा कागद समोर ठेवल्यावर पैसा कुठं वळवायचा ते जिल्ह्यांनीच ठरवलं. मच्छरदाण्या आल्या, आजारी बाळाला एकाच आजाराच्या चष्म्यातून न बघता सगळं तपासण्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना मिळालं. वाढीव पैसा माणशी वर्षाला एक डॉलरही नव्हता. रुफिजीत अर्भक मृत्यूदर (वर्षाच्या आत दगावणारी बाळं) 1999 ते 2000 या एका वर्षात हजारी 100 वरून 72 वर आला. एका वर्षाच्या घटीवर उड्या मारायची मला सवय नाही, पण पुढंही उतार चालूच राहिला.

तुमच्या जिल्ह्याचं बजेट काही तुमच्या हातात नाही. पण 104 पुसू नका. शेरा लिहायच्या जागी ‘पैकी माहेरी आलेल्या लेकींची बाळं इतकी’ एवढं लिहा, आणि गळालेल्यांची नावं वाडीवार एका कागदावर घेऊन सभेला जा. त्यावरही कुणी आवाज चढवला तर मला कळवा. 98 कसे काढतात, ते मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.